दार लागणारी एक खोली द्या

गोव्यातून हजला जाणाऱ्यांच्या तयारीचं काम पाहणाऱ्या समितीच्या सदस्यांना आणि आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी साखळीची. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. घरात देव्हारा आहे, चैत्रात विठ्ठलापूरच्या जत्रेला जाते, आणि तरी हजच्या बाबतीत तुम्हांला चार शब्द ऐकवायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते. वीसेक वर्षं मक्केला निघालेल्या माणसांच्या दंडाला मी सुई टोचली आहे. मागणी छोटी आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर ठेवलंत तरी हरकत नाही: लस टोचायच्या दिवशी बायकांसाठी दार लागणारी एक खोली द्या, आणि तिथं एक बाई डॉक्टर बसवा. तिला शिक्का देऊ नका, खुर्च्या दोन द्या आणि वेळ द्या.

मागणी मुळात माझी नव्हे, आपाची. आपा म्हणजे आमची डॉक्टर. तिचं नाव इथं लिहीत नाही. दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा तिनं नाव बारीक अक्षरांत रंगवून घेतलं होतं. आता गेल्यावर ते ठळक छापलेलं तिला चालायचं नाही. ती वाळपईकडची. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. त्यांच्या वाड्यावर तिच्याआधी एकही मुलगी मॅट्रिकपुढं गेली नव्हती, आणि ही गेली ती थेट पणजीला मेडिकल कॉलेजात. तेव्हा कॉलेज बांबोळीच्या टेकडीवर चढलं नव्हतं, मांडवीच्या काठीच होतं. १८४२ साली पोर्तुगिजांच्या अमदानीत निघालेली ती वैद्यकीय शाळा. १९६३ पासून ती गोवा मेडिकल कॉलेज झाली. आपा सांगायची, शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी पोरांचं लक्ष टेबलाकडं नव्हतंच, सगळे हिच्याकडं बघत होते, ही कधी चक्कर येऊन पडते म्हणून. पडला तो शेजारचा धिप्पाड मुलगा. त्याच्या तोंडावर पाणी हिनंच मारलं.

घरी वेगळीच पंचाईत. वाड्यावरच्या बुजुर्गांनी वडिलांना दुकानात गाठलं. बाईच्या जातीनं परक्या पुरुषांच्या नाडीला हात लावायचा? वडील एका गिऱ्हाईक बाईच्या हातात बांगड्या भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी जन्मभर परक्या बायकांची मनगटं धरतोय, तेव्हा तुम्ही कुणी काही बोलला नाहीत." हा किस्सा आपा इतक्या वेळा सांगायची की आम्हांला त्या गिऱ्हाइकाच्या बांगड्यांचा रंगसुद्धा पाठ झाला होता. हिरवा.

स्वतः आपाला कुणी छेडलं तर ती रुफैदाचं नाव काढायची. रुफैदा अल-अस्लमिया, पैगंबरांच्या काळातली मदिनेची बाई. जखमींची शुश्रूषा करायची, आणि खंदकाच्या लढाईत मशिदीपाशीच तिचा तंबू लागला होता. पैगंबरांचे साथीदार साद इब्न मुआझ जखमी झाले तेव्हा त्यांना तिच्याच तंबूत ठेवलं होतं. "पहिला दवाखाना बाईचा होता," एवढं बोलून आपा समोरच्याच्या रक्तदाबाचा पट्टा आवळायची. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर झोहरा बेगम काझी. १९१२ साली राजनांदगावला जन्मलेली, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून १९३५ साली डॉक्टर झालेली, काही काळ वर्ध्याच्या सेवाग्रामात गांधीजींजवळ रुग्णसेवा केलेली, फाळणीनंतर ढाक्याला जाऊन तिथल्या मेडिकल कॉलेजात बायकांचा विभाग सांभाळणारी. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेत भेटतात. झोहराबाई मला आपाच्या तोंडून भेटल्या, तेही चाळिशी उलटल्यावर.

आता मुद्द्यावर येते.

माझं पहिलं हज-शिबिर एका सभागृहात होतं. एका टोकाला व्यासपीठ, मध्ये खुर्च्या, भिंतीला लागून लसीचं टेबल. मेंदूज्वराची लस १९८७ च्या हजनंतर सक्तीची झाली, कारण त्या वर्षी परतलेल्या लोकांबरोबर साथ देशोदेशी गेली होती. ती टोचून झाली की पोलिओचे दोन थेंब. सत्तरीची आजोबा माणसं लहान पोरांसारखी तोंड वासून रांगेत, त्यांची नातवंडं बाजूला उभी राहून खिदळतायत. पुरुषांची रांग भराभर पुढं सरकायची. बायकांची अडायची. टेबलाशी आल्या की त्या काही तरी बोलू पाहायच्या आणि मागं नवरा, दीर, मुलगा उभा बघून गप्प व्हायच्या. "काय होतंय?" "काही नाही." पुढं सरका.

आपानं हे दोन तास पाहिलं. मग उठली, दवाखान्यातून आणलेली चादर काढली, खिडकीच्या गजाला एक टोक बांधलं, दुसरं सलाईनच्या स्टँडला. आत दोन खुर्च्या. पुरुषांना सांगितलं, तुम्ही चहा घ्या. पहिली बाई आत गेली ती वीस मिनिटं बाहेर आली नाही.

मी पडद्याशी उभी. आतलं ऐकू नये म्हणून प्रयत्न करत होते, पण सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि तोही कुजबुजत: "डॉक्टरनी, वो दिनां आ गये तो तवाफ कैसा होना?"

तुमच्यापैकी पुरुष सदस्यांसाठी स्पष्ट लिहिते. पाळी असताना बाईला हजचे बाकी सगळे विधी करता येतात, काबेभोवतीचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, मात्र करता येत नाही. मक्केबाहेरच्या अराफातच्या मैदानाहून परतल्यावरचा तवाफ तर चुकवून चालतच नाही. घरी परतायचं विमान ठरलेलं. आयुष्यभर पै-पै साठवून निघालेली बाई या एका धास्तीनं महिनाभर आधीपासून झोपत नाही, आणि मग गल्लीतली कुणी तरी जी गोळी सांगेल ती औषधाच्या दुकानातून आणून घेते. पाळी लांबवायची गोळी आहे, नॉरएथिस्टेरॉन, साधारणपणे पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. पण ती सगळ्यांना चालत नाही. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झालेल्या एका बाईला आपानं ती साफ नाकारली. बाई रडायला लागली. तेव्हा आपा म्हणाली, "पैगंबरांच्या बीबी हजरत आयेशांनासुद्धा हजच्या वाटेत पाळी आली होती. त्याही रडत होत्या. पैगंबरांनी त्यांना काय सांगितलं? हाजी करतात ते सगळं कर, तवाफ तेवढा थांबव." बाईनं डोळे पुसले आणि मग तारखांचा हिशेब मांडत दोघी बोटांवर दिवस मोजत बसल्या. हे संभाषण मागं दीर उभा असताना कसं होणार होतं, तुम्हीच सांगा.

त्या दिवसापासून पडदा आमच्या सामानातच आला. आणि एक लांबट खतावणीची वही. रकाने आपानं स्वतः पट्टीनं आखलेले: नाव, वय, साखर, रक्तदाब, चालू गोळ्या. शेवटचा रकाना "पाय".

पाय पाहिल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही. चपला काढायच्या, डोळे मिटायचे. मग ती कापसाची वात वळून तळव्यावर टेकवायची. कुठं लागलं? अंगठा? टाच? मधुमेह जुना असला की काहींना काहीच कळायचं नाही, वात टेकून उचलली तरी त्या म्हणायच्या, "लावा ना." अशांच्या नावापुढं ती तांबडी फुली करायची. मक्केतल्या सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या आसपास भरतात. मीना या तंबूंच्या मुक्कामापासून अराफातची वाट चौदा किलोमीटरच्या घरात. मशिदीच्या दाराशी काढलेल्या चपला त्या गर्दीत परत मिळतील याची खात्री नाही, आणि बाहेरचा रस्ता तव्यासारखा. ज्याच्या तळव्याला जाणीव नाही तो भाजला तरी चालत राहतो. तांबड्या फुलीवाल्यांना आपाचा हुकूम असायचा: चपला ठेवायची कापडी पिशवी गळ्यात, मोजे दोन जोड, रात्री निजताना आरशात तळवा बघायचा. आरसा नसेल तर तंबूतल्या शेजारणीला बघायला सांगायचं.

(ही पिशवी शिवून द्यायचं काम माझ्याकडं असायचं. जुन्या परकरांची. निदान शंभर तरी शिवल्या असतील.)

आपाला इतिहासाचा भारी नाद. पणजीला कामानिमित्त गेलो की जुन्या सचिवालयापाशी, म्हणजे आदिलशहाच्या वाड्यापाशी, ती हमखास थांबायची आणि नदीकडं बोट करायची. १५१० पूर्वी गोवा आदिलशाहीत असताना मक्केला जाणारी माणसं या बंदरातून जहाजात चढायची. मग पोर्तुगिजांचा अल्बुकर्क आला. पुढं समुद्रात जहाज घालायचं तर पोर्तुगिजांचा परवाना लागायचा, कार्ताझ. त्यावर मारियेचं आणि येशूचं चित्र असायचं म्हणून अकबराच्या दरबारातले मुल्ला कुरकुरायचे. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७६ च्या सुमारास राजघराण्यातल्या बायकांना घेऊन हजला निघाली, ती या परवान्यापायी सुरतेला किती तरी महिने अडकून पडली. आणि १६१३ साली पोर्तुगिजांनी जहांगीराच्या आईचं 'रहीमी' नावाचं जहाज सुरतेजवळ धरलं ते माणसांसकट गोव्याला आणलं. हाजींना घेऊन परतणारं जहाज. हे सांगून आपा हसायची. "बायकांच्या हजला गोव्यानं एकदा अडवून झालंय. आता फेडायला नको?"

ती एका वर्षी स्वतः तिकडं सेवेवर जाऊन आली. दरवर्षी सरकार यात्रेकरूंबरोबर डॉक्टर आणि परिचारिका पाठवतं, त्या तुकडीत. परत आली ती काळी पडून आणि आवाज बसून. तंबूतल्या दवाखान्यात तिच्यासमोरची रांग सगळी बायकांची, बिहारपासून केरळपर्यंतच्या. निम्म्यांची भाषा तिला कळत नव्हती, पण दुखणं कळत होतं. लघवीला जळजळ, चक्कर, पोटरीत गोळे. अराफातच्या दिवशी एक कोकणातली बाई तिच्यासमोर कोसळली. अंग भट्टीसारखं, घाम बंद. तिला जाळीच्या खाटेवर घालून पाण्याचा बारीक फवारा आणि पंखा सोडला. उष्माघातावरची ही पद्धत मक्केच्याच अनुभवातून तयार झाली आहे. तास-दीड तासानं बाईनं डोळे उघडले. आपानं विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालीस? दोन घोट. का? संडासाची रांग.

बस्स, एवढंच कारण. बाई पाणी पीत नाही कारण नंतर जायचं कुठं हा प्रश्न असतो.

त्यावर आपा जे बोलली ते मी तिच्याकडूनच ऐकलंय, आणि विसरता येत नाही. म्हणाली, "सिस्टर, सफा-मरवाची धाव कशाची आठवण आहे? हाजरा नावाची आई, वाळवंटात तान्हं पोर घेऊन एकटी, पाण्यासाठी सात वेळा इकडून तिकडं धावली. तिच्यासाठी झमझमचा झरा फुटला. आणि तिच्याच वाटेवर चालणाऱ्या बायका तहानेनं पडतायत."

हे फक्त हजचं आहे असं कुणी समजू नये. आषाढीला आमच्या भागातून पंढरपूरला पायी दिंड्या निघतात. आपा आणि मी एका मुक्कामावर फोड फोडून पट्ट्या बांधत बसायचो. पांडुरंगाच्या माणसांना मुसलमान डॉक्टर चालते का, हा प्रश्न त्या मुक्कामावर कुणाला सुचला नाही. ज्याचे पाय सोलवटलेत त्याला फक्त कात्री निर्जंतुक हवी असते. तिथंही आपाचा प्रश्न तोच, उदक किती प्यालात? आणि एका सत्तरीच्या आजीचं उत्तर, "वाटेर आडोसो खंय आसा, दोतोर?" महाराष्ट्रात वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं उभी करायला सुरुवात झाली तेव्हा आपानं पेपरातली बातमी कापून वहीत चिकटवली. ती अजून आहे, पिवळी पडलेली.

आता गेल्या एक-दोन वर्षांतलं सांगते. कुणाच्या शिबिरातलं ते लिहीत नाही, भांडण मला नकोय. माझ्या शेजारची खाला, साठीच्या पुढची, अठरा वर्षांचा मधुमेह, पहिल्यांदाच हजला निघाली. मी तिच्याबरोबर गेले. टेबलावर तरुण डॉक्टर होते, घामाघूम, समोर फॉर्मांचा गठ्ठा. त्यांनी खालाचा रक्तदाब घेतला, "शुगर आहे? गोळ्या घ्या वेळेवर" म्हणाले आणि तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही केली. पाय टेबलाखालीच राहिले. माझं चुकलं ते मी त्या वेळी बोलले नाही. निवृत्त माणसानं मध्ये तोंड घालू नये असं वाटलं. खाला मीनाहून टाचेला फोड घेऊन आली. फोड झाल्याचं तिला कळलंच नव्हतं, मोजा ओला का म्हणून बघितलं तेव्हा दिसला. तोवर तो चिघळून अंगठ्याकडं गेला होता. इथं आल्यावर अंगठा काढावा लागला. ती मला अजूनही म्हणते, अल्लानं बोलावलं, जाऊन आले, एक अंगठा दिला तर काय झालं. तिचं तसं म्हणणं ठीक आहे. आपण तसं म्हणू नये.

त्या डॉक्टरांचा मला राग नाही. एवढ्या गर्दीत एका माणसानं काय काय बघायचं? पण पडद्याआड दुसरी खुर्ची असती तर खालानं चप्पल काढली असती.

आणि दिवस बदललेत ते पाहा. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका मेहरम पुरुषाशिवाय, म्हणजे नवरा किंवा जवळचा नातेवाईक सोबत नसताना, चार-चार जणींच्या गटानं, हजला जाऊ शकतात. २०२३ साली देशातून अशा चार हजारांहून अधिक बायका गेल्या. छान झालं. पण आधी निदान नवरा किंवा मुलगा औषधांची पिशवी तरी सांभाळायचा. आता चौघी एकमेकींच्या भरवशावर, चौघीही पंचेचाळिशीच्या पुढच्या, म्हणजे कुणाची पाळी जाता जाता अंगावर येतेय, कुणाची थायरॉईडची गोळी, कुणाचं इन्सुलिन. इन्सुलिन उन्हात तापलं की निकामी होतं हे त्यांना कोण सांगणार? मोबाइलवर ॲप आहे म्हणता. आहे, चांगलं आहे. ॲप तळवा बघत नाही.

उन्हाचंही एक ऐकून घ्या. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला, तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यांतले बहुतेक नोंदणीशिवाय आलेले, त्यांना ना तंबू ना सावली, हे खरं. पण भारतातून गेलेलेही ९८ जण त्या वर्षी परतले नाहीत. हजचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो, आता हळूहळू उन्हाळ्यातून बाहेर पडेल, म्हणून कुणी निर्धास्त होत असेल तर होऊ नये. आपाची ती कोकणातली बाई उन्हानं जितकी पडली तितकीच रांगेनं पडली.

तेव्हा काय करायचं? खोली द्या. बाई डॉक्टर रोजच्या ओपीडीतून एका दिवसासाठी मोकळी करा, आणि तिला रजेचा अर्ज करायला लावू नका, ते कामच धरा. दाखल्यावर सही करण्याआधी पाय बघितल्याचा एक रकाना छापा. कागद तोच, शाई तीच. आणि गोव्यातून सेवेवर जाण्यासाठी अर्ज करणाऱ्या मुली-डॉक्टरांना घरचे अडवत असतील, तर तुमच्यातल्या ज्येष्ठांनी त्यांच्या घरी एकदा जाऊन चहा प्यावा. बांगडीवाल्याचा किस्सा सांगावा. हवा तर मी येते सांगायला, मला रंगासकट पाठ आहे.

आपा तीन पावसाळ्यांपूर्वी गेली. वही तिच्या मुलानं माझ्याकडं आणून दिली. शेवटच्या पानावर नाव कुणाचं नाही, रकाने तेवढे आखून ठेवलेत. पुढच्या शिबिराची तारीख कळवा, मी वही घेऊन येते. इमारतीत दार लागणारी खोली नसलीच तर चादरही धुऊन ठेवली आहे, फक्त भिंतीला दोन खिळे आधी ठोकून ठेवा. सलाईनचा स्टँड आता मला उचलत नाही.

आपली,
साखळीची एक निवृत्त परिचारिका